ऐकणारा एक

पुंजाजी : लिहून ठेव अकरम, ज्या गावाचा आवाज बंद पडला ते गाव नकाशावर राह्यते, पण जगात राह्यत नाही. अन् या गावाचा आवाज म्हणजे ही खोली, हा माइक, अन् हा मी.

अकरम : पाय उचला काका. वायरवर उभे आहात तुम्ही.

पुंजाजी : कोणत्या वायरवर?

अकरम : जगाकडं जाणाऱ्या.

पुंजाजी : हं. उचलला.

अकरम : दुसरा पण.

पुंजाजी : लोणारच्या स्टँडवर तीस वर्षं माइक धरला मी. एसटीचा कंट्रोलर होतो. गाडी येवो का न येवो, घोषणा वेळेवर. अन् आता पाह्य, आठ दिवस झाले, तोंडाले कुलूप.

अकरम : रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं केबल तोडली, त्याले तुम्ही काय करसान? पंधरा दिवस तं लागतेच जोडाले. तवर मी हवेतून जुगाड करून देतो ना.

पुंजाजी : आठ दिवसांत चार मयती झाल्या गावात. चारी बिनघोषणेच्या गेल्या.

अकरम : गेल्या तं सही ना?

पुंजाजी : गेल्या. पण कळल्या कोणाले? आपले लोक पुण्याले, चाकणले, सुरतले. या आळीत अकरा कुलपं आहेत, मोजून पाह्य. त्यायच्यासाठीच तं ही इंटरनेटवरची घोषणा काढली मी. रोज सकाळी सातले. मयत, बाजारभाव, एसटी, हरवलं-सापडलं.

अकरम : मंग आठ दिवसांत कोणाचा फोन आला का? काका, घोषणा काऊन बंद आहे म्हणून?

पुंजाजी : रेंज नसते इथं.

अकरम : मी सकाळी लावला तं एका घंटीत लागला.

पुंजाजी : तू तुहं काम कर बे.

आशाबाई : अकरम, चहा.

अकरम : ठेवा काकू. अन् काकाचा?

आशाबाई : त्यायले सांग, त्यायचा पण ठेवला.

पुंजाजी : तिले सांग, बिनसाखरेचा पाह्यजे.

अकरम : काकू, काका म्हणतेत...

आशाबाई : बिनसाखरेचाच आहे म्हणा. साखर बंद होऊन दोन वर्षं झाली.

अकरम : काका, काकू म्हणतेत...

पुंजाजी : ऐकलं.

अकरम : ऐकलं, तं मले काऊन मधात टाकता? दोघंही इथंच तं उभे आहात.

पुंजाजी : या घरात असंच चालते. जो येईन तो मधात.

आशाबाई : अन् कोणी नाही आलं, तं बोलणं नाही. अकरम, तू उंच आहेस. जातानी तेवढा गुळाचा डबा काढून देजो वरच्या फळीवरून. गॅसवाल्यानं ठेवला होता मागच्या खेपेले, तो काही परत आला नाही.

अकरम : देतो काकू.

आशाबाई : अन् या तुह्या नव्या डब्बीवर माह्या मोबाइलले नेट येईन का? सैपाकाच्या टायमाले भजन लागते मले.

अकरम : येईन ना. आणा फोन, पासवर्ड टाकून देतो. हं. हे घ्या. डब्बी सुरू झाली की आपोआप लागंन.

पुंजाजी : गेली का?

अकरम : गेल्या.

पुंजाजी : आता मले समजावून सांग. हवा अन् वायर, या दोघायचं जुळते कसं? माहा हवेवर भरवसा नाही. वायर हाताले लागते तरी.

अकरम : पाहा. समोर अन्वरचाचाचं कृषी केंद्र आहे ना, त्यायचं नेट टावरवरून येते, ते काही तुटलं नाही. चाचा म्हणले, घ्या आमचं वायफाय, काही हरकत नाही. ही डब्बी एका बाजूनं चाचाचं वायफाय पकडते, हवेतून. दुसऱ्या बाजूनं वायर तुमच्या कम्प्युटरले. अन् घरातल्या मोबाइलपुरतं थोडं वायफाय आपलं पण सोडते.

पुंजाजी : मंग कम्प्युटरले अन् चाचाच्या राउटरले सरळ बोलू दे ना. डब्बी कशाले मधात?

अकरम : सरळ नाही होत. चाचाचा राउटर तुमच्या कम्प्युटरले ओळखत नाही. त्याले फक्त डब्बी माहीत. कम्प्युटरनं काही पाठवलं की डब्बी त्याच्यावरचं नाव खोडते, आपलं टाकते, अन् पुढं सरकवते. आपल्या वहीत लिहून ठेवते, कोणी विचारलं होतं. उत्तर आलं की वही पाहून ज्याचं त्याले नेऊन देते. बाहेरच्याले वाटते, सारं डब्बीच बोलून राह्यली.

पुंजाजी : म्हणजे मघाशी चहाच्या वेळी तू जे केलं ते.

अकरम : हाव. फरक एवढाच, डब्बीले वाईट वाटत नाही.

पुंजाजी : लाव मंग.

अकरम : लावली. हं. चाचाची हवा आली. वायरचा दिवा पण लागला. अन् आता... आता काहीच नाही.

पुंजाजी : काहीच नाही म्हणजे?

अकरम : दोन्हीकडं हिरवे दिवे आहेत, पण आरपार काही जाऊन नाही राह्यलं.

पुंजाजी : दिवे तं आमच्या घरात पण दोन्ही खोल्यायत लागतेत.

अकरम : थांबा, थांबा. अरे यार, गलती माहीच आहे. चाचाचा राउटर जे नंबर वाटते, एकशे ब्याण्णववाले, तेच नंबर माही डब्बी आतल्या बाजूले वाटून राह्यली. दोन आळ्या, अन् दोन्हीत घरनंबर एकसारखे. चिठ्ठी या आळीत टाकावी का त्या आळीत, डब्बीले समजंनच कसं?

पुंजाजी : मंग आता?

अकरम : आपल्या आळीचे नंबर बदलतो.

पुंजाजी : बदल. आपल्या आळीत तक्रार कराले कोणी नाही.

अकरम : झालं. आता बंद होऊन परत सुरू होईन, दोन-चार मिनटं लागतीन. काका, तवर एक विचारू? राग नका मानू. ऐकते कोण पण?

पुंजाजी : पहिल्या हप्त्यात त्रेसष्ट होते. स्क्रीनवर आकडा येतो ना, 'ऐकणारे'. त्रेसष्ट! मंग चाळीस झाले. दिवाळीनंतर नऊ.

अकरम : अन् आता?

पुंजाजी : एक.

अकरम : एक हजार?

पुंजाजी : एक. पण चौदा महिने एक. एक दिवस खाडा नाही. सात वाजले की हजर. बाजारभाव वाचतो तरी उठून जात नाही. कोणी मोठा माणूस असल्याशिवाय इतकं ऐकत नाही.

अकरम : कोण आहे, माहीत आहे?

पुंजाजी : शाळेमागच्या आळीतला देवानंद. डॉक्टर झाला, लंडनले गेला.

अकरम : सकाळी सातले? लंडनमधी तं रात्रीचे दीड-दोन वाजले असतीन.

पुंजाजी : त्याले झोप येत नसंन. गाव आठवत असंन.

अकरम : त्यानं सांगतलं का तसं?

पुंजाजी : सांगाले कशाले पाह्यजे? मले समजते. रोज शेवटी बोलतो ना मी त्याच्याशी. देवानंदभाऊ, तिकडं थंडी असेल, गळ्याला मफलर बांधा.

अकरम : मे महिन्यात पण?

पुंजाजी : लंडन आहे ते.

अकरम : बरं.

पुंजाजी : तुले खरं सांगतो अकरम. तुले केबलसाठीच बोलावलं, असं नाही. आठ दिवस मी बंद होतो, अन् एका माणसानं विचारलं नाही. आज सुरू केल्यावर तो एक आला, तं चालू ठेवतो. नाही आला, तं हा माइक अन् हा कम्प्युटर शाळेले देऊन टाकतो. मंग दिवसभर मी कोणाशी बोलीन, हे मले माहीत नाही.

अकरम : काकूसंगं.

पुंजाजी : तू रोज येशीन का लोणारहून?

अकरम : असं काय झालं काका, काकू बोलतच नाहीत?

पुंजाजी : तिचा भाऊ वारला. हिवऱ्याचा, ज्ञानेश्वर.

अकरम : त्यात तुमची काय गलती?

पुंजाजी : तेव्हा पंचायतीचा भोंगा होता माह्याकडं. घोषणा अख्ख्या गावात ऐकू जायची. पावणेसातले हिवऱ्याहून फोन आला, गेला म्हणून. ती नळावर गेली होती, पाणी भराले. अन् सातले घोषणा होती.

अकरम : मंग तुम्ही...

पुंजाजी : वाचली.

अकरम : भोंग्यावर?

पुंजाजी : नियमात बसवून वाचली. आधी अन्वरची बकरी हरवली ते, मंग ज्ञानेश्वर, मंग कापसाचा भाव.

अकरम : या अल्ला.

पुंजाजी : तीस वर्षं एकच नियम पाळला मी. गाडी लागली हे सगळ्यायले एकदमच कळलं पाह्यजे. कंट्रोलरच्या घरच्यायले आधी सांगतलं, तं ते रुमाल टाकून जागा धरतेत.

अकरम : मयतीत कोण जागा धरते काका?

पुंजाजी : पाह्य, तुहा दिवा बदलला.

अकरम : हाव. आलं, नेट आलं! आरपार चाललं आता. बोला काही, टेस्टिंग म्हणून.

पुंजाजी : कंट्रोलर टेस्टिंग करत नसते. सरक. प्रवाशांनी... श्रोत्यांनी कृपया नोंद घ्यावी. आठ दिवसांच्या खंडानंतर गावाची घोषणा पुन्हा सुरू होत आहे. ज्यांनी प्रतीक्षा केली त्यांचे आभार. ज्यांनी केली नाही त्यांचीही नोंद घेण्यात आली आहे.

अकरम : बस, बस. माइक बंद करा. आकडा पाहा आता.

पुंजाजी : शून्य.

अकरम : थोडं थांबा. तुमचं बोलणं इथून जाते, दूरच्या मशीनवर चढते, मंग ऐकणाऱ्याकडं उतरते. अर्धं मिनिट तं जातेच.

पुंजाजी : झालं अर्धं मिनिट.

अकरम : साडेदहा वाजले काका, तुमची वेळ सातची. कोणाले सांगतलं पण नाही आपण, आज सुरू होऊन राह्यलं म्हणून.

पुंजाजी : शाळेपर्यंत न्याले टेम्पो लागंन, का हातगाडीवर बसंन सारं?

अकरम : काका.

पुंजाजी : टेबल नाही देत. टेबल माह्या सासऱ्याचं आहे.

अकरम : काका, एक.

पुंजाजी : काय एक?

अकरम : आकडा पाहा. एक आला.

पुंजाजी : आला! पाह्यलं बे? न सांगता आला! लंडनात पहाटेचे पाच वाजले असतीन, उठून बसला बिचारा. आठ दिवस रोज लावून पाहत असंन. तुह्या डब्बीच्या वहीत पाह्य त्याचं नाव. पाह्य, पाह्य.

अकरम : बाहेरच्यायची नावं नसतेत काका डब्बीत. घरातून जे जाते तेच लिहिते ती. हे पाहा, ही एक ओळ, तुमच्या कम्प्युटरची. वायरनं आली अन् घोषणेच्या मशीनकडं गेली. अन् ही दुसरी... थांबा.

पुंजाजी : काय झालं?

अकरम : काही नाही.

पुंजाजी : काही नाही तं तोंड काऊन उतरलं?

अकरम : दुसरी एक ओळ आहे. वायरची नाही, हवेची. ती पण त्याच मशीनकडं गेली. पण पाठवत काही नाही, तिकडून घेऊन राह्यली.

पुंजाजी : साधं बोल.

अकरम : तो एक जण या घरातून ऐकून राह्यला काका.

पुंजाजी : माहा फोन हा पाह्य, चार्जिंगले लावला. बंद आहे.

अकरम : तुमचा नाही. सकाळपासून पासवर्ड मी एकालेच दिला.

पुंजाजी : ती भजन लावते. तुह्यासमोर सांगतलं तिनं.

अकरम : भजन दुसरीकडून येते. हे आपल्या स्टेशनवरून येऊन राह्यलं. इथून निघते, चाचाच्या दुकानातून बाहेर जाते, कुठं कुठं फिरते, अन् परत तुमच्या सैपाकखोलीत येते.

पुंजाजी : म्हणजे लंडन...

अकरम : लंडन नाही.

पुंजाजी : देवानंद?

अकरम : झोपू द्या त्याले.

पुंजाजी : चौदा महिने.

अकरम : तुमच्या जुन्या केबलच्या डब्यावर पण मी पाह्यलं होतं, एक फोन कायम लागलेला राहायचा. मले वाटलं तुमचाच असंन.

पुंजाजी : चौदा महिने मी तिले मफलर बांधाले सांगून राह्यलो.

अकरम : दिसते तं तसंच.

पुंजाजी : पंधरा पावलं नाहीत रे इथून सैपाकखोली. नुसतं बोललो तरी ऐकू जाईन.

अकरम : तुम्ही दार लावून घेता ना.

पुंजाजी : आवाज घुमते म्हणून लावतो. स्टँडवर रातपाळीले रिकाम्या फलाटासमोर घोषणा केल्या मी, पण तिथं चार कुत्रे तरी असायचे. इथं एक, अन् तो पण घरचा.

अकरम : मंग काय करू? काढू का वायरी? शाळेले फोन लावू?

पुंजाजी : थांब. आकडा काय म्हणते?

अकरम : एकच आहे. तुम्ही काही बोलून नाही राह्यले, तरी आहे.

पुंजाजी : भावाची मयत माह्याच तोंडून ऐकली तिनं. ते पण बकरी अन् कापसाच्या मधात. तरी रोज लावते. काऊन लावते?

अकरम : मले काय माहीत काका. डब्बीले नंबर कळतेत, मनातलं नाही कळत.

पुंजाजी : नियम-बियम काही नव्हता रे.

अकरम : अं?

पुंजाजी : नळ काही दूर नव्हता. पंधरा मिनटं होती माह्याकडं. गेलो होतो मी कोपऱ्यापर्यंत. चार बाया होत्या तिथं, कशावर तरी हसून राह्यल्या होत्या. ती पण हसून राह्यली होती. हंडा भरत आला होता. मी तिथूनच वापस फिरलो. समोर उभं राहून नाही सांगता आलं. माइकवरून सोपं होतं.

अकरम : हे काकूले सांगतलं कधी?

पुंजाजी : कोणामार्फत सांगू? गॅसवाल्यामार्फत?

अकरम : मले नका सांगू मधात पडाले. एवढं मोठं नाही पोचवता येत मले. माइक तुमच्यासमोर आहे, ऐकणारा लावून बसला आहे. बटण दाबा.

पुंजाजी : ही काय सातची वेळ आहे?

अकरम : गाड्या लेट नव्हत्या होत का तुमच्या?

पुंजाजी : सरक मंग. श्रोत्यांनी कृपया नोंद घ्यावी. गेल्या आठ दिवसांतील चार मयतींची नावं उद्या सकाळी सात वाजता वाचण्यात येतील. आता एक दुरुस्ती. दोन वर्षांपूर्वी पंचायतीच्या भोंग्यावरून हिवऱ्याचे ज्ञानेश्वरराव यांच्या निधनाची बातमी देण्यात आली होती. बातमी बरोबर होती. देणारा चुकला. ही बातमी आधी नळावर जाऊन एका व्यक्तीला सांगायची होती. नियंत्रक कोपऱ्यापर्यंत आले होते. तिथून ते परत फिरले. त्याबद्दल नियंत्रक... त्याबद्दल... अकरम, पुढं काय म्हणतेत?

अकरम : स्टँडवर काय म्हणायचे?

पुंजाजी : स्टँडवर म्हणायचो, गाडी रद्द करण्यात आली आहे.

अकरम : मंग ते नका म्हणू.

पुंजाजी : ...त्याबद्दल नियंत्रक दिलगीर आहेत. घोषणा संपली. कर बंद.

अकरम : मफलरचं राह्यलं.

पुंजाजी : राहू दे. किती वेळ लागते म्हणला पोचाले?

अकरम : अर्धं मिनिट.

पुंजाजी : अन् किती झालं?

अकरम : वीस सेकंद असतीन.

पुंजाजी : पंधरा पावलांले.

अकरम : आता पोचलं असंन काका.

पुंजाजी : काही आवाज आला का सैपाकखोलीतून?

अकरम : नाही.

पुंजाजी : भांड्याचा पण नाही?

अकरम : नाही. काका, आकडा...

पुंजाजी : दिसला मले. शून्य.

अकरम : फोनची बॅटरी उतरली असंन.

पुंजाजी : बंद केलं तिनं. असू दे. स्टँडवर पण घोषणेले कोणी उत्तर देत नव्हतं. ऐकायचे, अन् बॅग उचलून चालले जायचे. तू नीघ आता, ऊन वाढलं.

अकरम : डब्बी राहू देतो. केबल जोडली की फोन करा, घेऊन जाईन. शाळेचं काय ते...

पुंजाजी : उद्या सातले पाहू.

अकरम : बरं. येतो काका. काकू, येतो हो!

(बाहेर मोटारसायकल सुरू होते आणि कुलपांच्या आळीतून दूर जाते.)

आशाबाई : अकरम, त्यायले सांग...

पुंजाजी : अकरम गेला.

आशाबाई : गेला?

पुंजाजी : हो. आत्ताच.

आशाबाई : गुळाचा डबा काढून देतो म्हणला होता.

पुंजाजी : विसरला असंन.

आशाबाई : मंग तुम्ही काढून द्या. स्टुलाचा एक पाय हलते, जरा पाहून.